पदरावरचा तुकडा

गोडादरा, सुरत
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नूतनला आक्काचे पुष्कळ आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडणार नाहीस, असं धरून लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझ्या तोंडून ‘बरं आहे’ एवढंच निघेल. दोन वर्षांपूर्वीही तेच निघत होतं.

इकडे सगळं ठीक. तुझे दाजी गुडघा धरून कुरकुरतात, पण कापडाच्या लूमवर कामाला जातात. तुझी जागृती नर्सिंगला लागल्याचं अमळनेरच्या मामींकडून कळलं. पोरीनं नाव काढलं. मला तिची बारावी अजून आठवते. का, ते तुला ठाऊक आहे.

माझं काम तेच, घरी बसून साड्यांना खडे चिकटवायचं. सोबत उषाबाई आणि रंजना बसतात. उषाबाई आपल्याच शिरपूरकडची. दिवाळीच्या आधी तिचा नवरा छगन गेला. रंजनाच्या किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर जाते. साडीच्या प्रत्येक खोक्यात साडी नेसलेल्या बाईचा फोटो येतो. त्यातले डागाळलेले फोटो आणि नमुन्याच्या चिंध्या शेठ परत नेत नाही. एकदा उषाबाईनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर छगनच्या लुंगीचा तुकडा चिकटवला, शेजारी पेपरातून कापलेला चहाचा कप, आणि घळाघळा रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

तेव्हापासून दर शनिवारी काम आटोपलं की आम्ही तिघी अशी कार्डं करतो. पन्नाशीच्या बाया, आणि कोपरापर्यंत गोंद! तू असतीस तर हसून लोळली असतीस. रंजनाला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी, म्हणून तिच्या कार्डांवर नुसते माठ, विहिरी आणि शहाळी. मी मात्र फोटोतल्या नटव्या बायाच कापून लावायचे, वरून रंगीत चिंध्या. मला कुठं काय दुःख आहे, मी आपली यांना सोबत करते, अशा तोऱ्यात.

तीन आठवड्यांपूर्वी उषाबाईनं माझी सात कार्डं ओळीनं मांडली आणि बघतच राहिली.

“सरले, पदर शे ना तठे? वरतून आखो तुकडा कसाले लावस?”

सातही बायांच्या डाव्या छातीवर, पदर असताना, मी आणखी एक चिंधी चिकटवली होती. माझ्या हातानं कधी केलं, मलाच कळलं नव्हतं.

रंजनानं कात्री खाली ठेवली. “ताई, कधीपासून आहे?”

“दसऱ्यापासून,” मी म्हटलं. तोवर हे दाजींनासुद्धा सांगितलं नव्हतं.

नूतन, डाव्या बाजूला गाठ आहे. सोमवारीच उषाबाईनं मला दवाखान्यात ओढून नेलं. कॅन्सर निघाला. मला फार भीती वाटते.

रिपोर्ट हातात असतानाच मी दाजींना बजावलं, “नूतनला कळवायचं नाही, तिला कशाला घोर!” आणि माझंच बोलणं मला ओळखीचं वाटलं. मायच्या वेळी अगदी हेच बोलले होते. मायचं पोट पाण्यानं फुगत चाललं होतं आणि मी तुला फोनवर सांगत होते, माय मेथी निवडते आहे. तू आलीस तेव्हा तिला दारात निजवलेलं होतं. दहाव्याला तू विचारलंस, “माय काय एकली तुनीच व्हती का?” मी उत्तर दिलं नाही.

आता देते. जागृतीच्या बारावीत व्यत्यय नको, हे नुसतं निमित्त होतं. मायचं दुखणं मला एकटीला हवं होतं. तू आलीस की ती तुझ्याकडेच बघत राहील आणि मी औषध देणारी तेवढी उरेन, असं वाटायचं. आयुष्यभर तू तिची लाडकी; निदान शेवट तरी माझ्या वाट्याला यावा. माझं चुकलं, नूतन. फार चुकलं.

मायचं हिरवं लुगडं देऊन टाकलं असं मी म्हणाले होते, तेही खोटं. पेटीत आहे. काल कार्डासाठी त्याचा काठ कापायला घेतला, पण कात्री चालेना. त्यावर निम्मा हक्क तुझा.

सोबत आठवं कार्ड पाठवते आहे. काल केलं. या बाईच्या पदरावर मी काही चिकटवलेलं नाही.

ऑपरेशन एकवीस तारखेला, शुक्रवारी सकाळी. येशील तर राग घेऊनच ये, शेजारी बस आणि पोटभर भांड. नाही आलीस तर तेही तू ठरवलेलं असेल. मायच्या वेळी मी तुला ठरवूच दिलं नव्हतं.

ह्या खेपेला वेळेवर कळवणारी,
तुझी आक्का
सरला