बोकडाकडं कुणी बघितलंच नाही

४ जुलै
परत तेच. फोन लावला की आईचं सुरू — तीन वर्षं झाली लग्नाला, रेश्माला मूल न्हाई, दुसरी बघतो. म्हणलं बघ, मी मांडवात येणार नाही. ती रडायला लागली. मी फोन ठेवला. तीन वर्षांत मी गावी किती होतो? दिवाळीला चार दिवस, जत्रेला पाच. ते ती मोजत नाही.
रेश्माशी बोलायचं राहूनच गेलं.

५ जुलै
बाटल्या धुतल्या. नऊशे.

९ जुलै
हितं उरवड्याला केळीची रोपं बाटलीत करतात. आज लॅबच्या सोनिया मॅडमला विचारलं, कशी. म्हणाल्या, कोंबाचा तुकडा कापायचा, एकाचे दहा, दहाचे शंभर. म्हणलं, आणि नर-मादी? "काही लागत नाही रे. सगळी एकाच आईची."
आपला पण नखाएवढा तुकडा गावी म्हसवडला पाठवता आला असता तर! रेश्माच्या उशाशी बाटली राहिली असती. काय पण लिहितोय. तिच्या हाताला बाजरीच्या पिठाचा वास येतो. खोलीत आम्ही सहा जण, सगळ्यांना घामाचा.

१६ जुलै
धाकट्या भावाचा, दत्ताचा फोन. आबांनी तीन शेळ्या वांझ म्हणून बाजारात विकल्या होत्या. उरलेल्या पाच पण गाभण राहीनात, तेव्हा मामाचा बोकड आणला. पाचीच्या पाची गाभण! "दादा, आपला बोकडच खोटा निघाला. दिसायला असा, की जत्रंत नंबर लागंल."
मी पण हसलो. मग हसू गेलं.
बोकड घरचा, लाडाचा. आबा शेळ्यांनाच नावं ठेवत राहिले.

१९ जुलै
पिरंगुटला डॉक्टरकडं गेलो, स्वतःला तपासायला. सोबत कुणी नाही. हातात डबी दिली. लई लाज वाटली.

२३ जुलै
कागद आला. कमी माझ्यात आहे. सहा महिने गोळ्या, पण खात्री देत नाहीत.
आईला सांगितलं. म्हणाली, "हळू बोल, चुलती बसलीया हितं."
रेश्माला फोन द्यायला लावला. म्हणलं, आता तू सांग, तुला ऱ्हायचंय का माझ्यासंगं. फोन घेऊन ती बाहेर कोंबड्यांत गेली. मग म्हणाली, "तिकडं खोली केवढ्याला मिळती?"

२४ जुलै
एसटीत बायकांना अर्धं तिकीट. तरी रेश्माला सहाशे पाठवले.