साटीनच्या आतला फेटा

आई, तुला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या पहिल्या बाळंतपणाला वळसंगहून आणलेल्या वाकळेबद्दल तू माझ्याशी एकदाच बोललीस, तेही हळू आवाजात. मी मात्र अजून त्यावर चकार शब्द काढलेला नाही. आज लिहायला बसले आहे, तर आधी माझ्या हौसेचंच सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

तुमच्याकडे वाकळ शिवायची ती लुगडी विटली, धोतरं विरली म्हणून. मी सोलापुरात येऊन गोधड्या शिवायला लागले, त्या दुकानातलं कापड बघून जीव हरखायचा म्हणून. साटीन काय, मखमलीचे काठ काय, रेशमाचा दोरा काय! हे गिरणीच्या ऑफिसात कारकून. पगाराच्या दिवशी मी आधी कापडवाल्याकडे आणि मग किराण्याला जायची. हे एकदा जेवता जेवता म्हणाले की, हौसेला मोल नसतं म्हणतात, पण आपला दुकानदार तरी ते घेतो. मी चार दिवस अबोला धरला. मग महिला मंडळाच्या बायकांनी डोक्यात भरवलं की अशा गोधड्या विकल्या तर हौस फिटेल आणि घरालाही हातभार लागेल. नाकापेक्षा मोती जड झालाच होता, तो निदान मिरवता तरी येईल, असं मला वाटलं.

मंडळाचं प्रदर्शन चार दिवसांवर आलं आणि माझी सगळ्यांत भारी, अबोली साटीनची गोधडी काही केल्या बसेना. नव्या कोऱ्या कापडाचे थर एकमेकांवरून सरकत, टाका घातला की चुणी पडे. तू तेव्हा जवळ असतीस तर एका नजरेत सांगितलं असतंस की आत जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड लागतं. ते मलाही ठाऊक होतं. पण जुनेर घरात होतं कुठे? सगळं भांडीवालीला देऊन मी पितळी डबे घेतले होते. उरली होती फक्त तुझी वाकळ, आणि ती माळ्यावर होती. आल्यागेल्यानं पाहू नये म्हणून मीच ती तिथे टाकली होती, आई. मी ती खाली काढली, झटकली, आणि जशीच्या तशी साटीनच्या दोन पदरांत घालून वरून शिवून टाकली. जुन्या वाकळेवर नवं कापड चढवायची आपल्यात रीतच आहे, असं मी मनाला समजावलं. पण ती रीत घरात वापरायच्या वाकळेची.

तिच्या मधल्या थरात दादांचा फेटा आहे, हे मला माहीत होतं. टपालाची पिशवी पाठीला मारून या गावाहून त्या गावाला चालणाऱ्या दादांचा तो किरमिजी फेटा. ते गेले, तुझं कुंकू पुसलं, पण तो कुणाला द्यायला तुझं मन होईना, आणि फेटा फाडायचा नसतो म्हणून तू तो अखंडच घडी घालून आत ठेवलास. त्यामुळे वाकळ मधोमध थोडी जाड होती. सगळं माहीत असून मी वरून टाके घालत गेले.

प्रदर्शनाला मी तुला मुद्दाम बोलावून घेतलं, माझी ऐट बघायला. शाळेच्या त्या हॉलमध्ये तू टेबलाशी उभी आहेस, डोईवरचा पदर सावरते आहेस, आणि सहज म्हणून साटीनवरून हात फिरवते आहेस. मधोमध येऊन तुझा हात थांबला. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना ती गोधडी हवीच होती. सगळी तुम्हीच शिवलीत का, असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. मग तुझ्याकडे वळून त्या हसत म्हणाल्या, लेक तुमच्याच हाताखाली शिकली असेल.

"न्हाई बाई," तू म्हणालीस, "मला येवडं भारी कुटं येतंय."

तू मला वाचवलंस. तेव्हाच जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं. पण तेव्हा मी काय केलं? गोधडीची घडी घालून बाईंच्या हातात दिली. संध्याकाळी टांग्याची वाट बघत आपण उभ्या होतो, तेव्हा तू म्हणालीस, "इकायच्या आदी इचारायचं हुतंस, पोरी. त्येंचा फेटा तेवडा मी काडून घेतला असता." एवढंच. नंतर दोन वर्षं होतीस, पण तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस.

तू गेल्यावर काही वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी ती गोधडी माझ्याकडे दुरुस्तीला पाठवली. माझं महागाचं साटीन चिरलं होतं आणि आतला तुझा एकही टाका निघाला नव्हता. ती तीन दिवस माझ्या घरात होती. मी तुझे टाके बोटभर उसवले, किरमिजी रंग दिसला, फेट्याला हात लागला. काढून घेतला असता तर मध्ये खळगा पडला असता, बाईंनी विचारलं असतं, आणि आतली वाकळ कुणाची ते सांगावं लागलं असतं. मी तो तसाच आत ठेवला आणि शिवून टाकला.

हे पत्र मी कुणाच्या हाती देणार नाही. तुला अक्षरओळख नव्हती, आलेलं पत्र दादाच वाचून दाखवत. हे त्यांनी वाचावं असं मला वाटत नाही. फक्त एक राहिलं. गोधडी न्यायला बाई स्वतः आल्या. थंडीत हिच्याशिवाय झोप येत नाही म्हणाल्या, आणि विचारलं, "आत असं काय घातलंत हो?"

मी म्हणाले, "काही नाही, चिंध्या आहेत."