काकांनी उघडलेलं फाटक

१४ सप्टेंबर

महिनाभर वही उघडली नाही, चुकलंच.

आमच्या कुरणातलं उन्हात करपलेलं रायग्रास गवत पावसाने पुन्हा फुटलं होतं. वीतभर वाढेपर्यंत गाईंना तिथे सोडायचं नव्हतं. आत्ताच कोंब गेले तर मुळंही मरतात. आज अल्फारेटा शहरातून मुक्कामाला आलेल्या काकांनी कुरणाचं फाटक उघडलं. हार्टचे रिटायर्ड डॉक्टर ते. "अगं, गाईंना कसलं डाएट? हिरवा घास दे, पुण्य मिळेल!" मी नुसती हसले. गाईंनी अर्ध्या कुरणातले कोंब मातीपर्यंत खाल्ले. फाटक लावताना काका म्हणाले, "उद्या परत देऊ." तरी मी गप्पच. हा आदर, की भित्रेपणा? उरलेले कोंबही उद्या खाल्ले गेले तर कुरण संपलंच. थंडीआधी नव्याने पेरणंही जमणार नाही.

उद्या: काका बाहेर पडायच्या आधी त्यांना स्पष्ट सांगणे.