चौसष्ट किलोमीटर शिल्लक

२ मे
गाडी आली. इलेक्ट्रिक. माहितीपत्रकात एका चार्जिंगला ४२१ किलोमीटर लिहिलंय. कंपन्या फुगवून सांगतात, मला काय शिकवायचं. एकोणीस वर्षं विमा ऑफिसात ठोकलेल्या गाड्यांच्या नुकसानीचा अंदाज काढतोय. सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं, खरे ३८०. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला, बघू की.

९ मे
पहिली चाचणी. २९८. वारा समोरून होता. जाताना आणि येतानाही.

१६ मे
दुसरी चाचणी. २६२. कारणं: टायरमधली हवा, एसी, बायको. तिला सहज वजन विचारलं, हिशेबापुरतं. तिनं गाडी थांबवायला लावली आणि बसनं घरी गेली. त्यानंतर आकडा जरा सुधारला, पण हे घरी बोलायचं नाही. ऑफिसात आकडा विचारला तेव्हा फोनवर असल्याचं दाखवलं. लाज वाटली. फार नाही.

२० मे
लेकीची आर्ट कॉलेजची मुलाखत २८ला. शिल्पकला. वर्षभर बाल्कनीत प्लॅस्टर कालवतेय, घरभर पांढरी पावलं. म्हणाली, बसनं जाते. म्हटलं, बाप असताना बस कशाला? जाऊन येऊन २३६. चष्मेवाला म्हणाला, वाटेतल्या चार्जरवर थांबावंच लागेल. म्हटलं, थांबणार नाही. जमलं तर तो सगळ्या ऑफिसला चहा पाजणार.
संकल्प: साठच्या वर वेग नाही. एसी नाही. वजन कमीत कमी.

२७ मे, संध्याकाळ
फुल चार्ज. स्क्रीन म्हणते २७४. म्हणजे खरे २४०. बायकोला म्हटलं, तू घरीच थांब. वजनामुळे नाही, हेही सांगितलं. सांगायला नको होतं.

२८ मे, पहाटे ५
डिकी रिकामी केली. जॅक, छत्र्या, मॅट. लेकीनं प्लॅस्टरची गोणीही टाकून ठेवली होती, चौदा किलो तरी असेल. मुलाखतीला प्लॅस्टर कशाला? चपलांच्या स्टँडमागे ठेवली. दोन किलोमीटर वाचले.

२८ मे, सकाळी १०.४०
पोहोचलो. १९० शिल्लक! लेकीनं डिकी उघडली आणि विचारलं, गोणी कुठंय. सांगितलं. ओरडली नाही. मुलाखत अकराला, घर ११८ किलोमीटरवर. आईला फोन करून फोटो मागवले आणि आत गेली. मी गाडीतच बसलोय.

२८ मे, दुपारी ४, घराखाली, गाडीतच
परीक्षक म्हणाले, फोटोवरून प्रवेश देता येत नाही, पुढच्या वर्षी काम घेऊन या. परत निघालो. एसी लावला, फुल. चार्जर आला तेव्हा विचारलं, थांबूया का, काही खाऊया. ती म्हणाली, कशाला बाबा, पैज तरी जिंका.

२८ मे, संध्याकाळ
घरी. ६४ शिल्लक. गोणी असती तर ६२.
फोटोसाठी बायकोनं सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं होतं, तसंच आहे. प्लॅस्टरचे सहा हात. माझ्या आईचा, सुईत दोरा ओवणारा. बायकोचा. शेवटचा माझा. पेन्सिल धरलेला, करंगळी वाकडी. या वहीत आकडे मांडताना तिनं कधी पाहिलं, मला कळलंही नाही.
पहाटेच्या नोंदीत लिहिलंय, प्लॅस्टर कशाला. ते खोटं आहे. मी गोणीचं तोंड सोडून पाहिलं होतं. कागदात जपून गुंडाळलेलं होतं, एका जागी बोटं दिसत होती. परत बांधून टाकलं. तिला उठवून विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

२९ मे
चष्मेवाल्यानं विचारलं. म्हटलं, २३६, न थांबता, ६४ शिल्लक. त्यानं मुकाट्यानं सगळ्यांना चहा मागवला. साहेबांनी पाठ थोपटली. कुणीतरी विचारलं, मुलीची मुलाखत कशी झाली. म्हटलं, छान.
चहा प्यायलो.