बिनकांद्याचे पोहे

१४ नोव्हेंबर १९८३
आज कंपनीच्या कँटीनमध्ये ऐतिहासिक घटना घडली. घडवली मीच. समोशावरून विषय निघाला. कादरभाई (घराला घर लागून, कंपनीत ते लेथवर, मी टाइम ऑफिसात) सहज बोलून गेले, की समोसा इराणच्या बाजूने आला, जिलबीही तिकडचीच. मी ताडकन उठलो. जाहीर केलं, की आजपासून बाहेरून आलेला एकही पदार्थ तोंडात घालणार नाही. आपल्याकडे काय कमी आहे? टाळ्या पडल्या. कादरभाई म्हणाले, की जाने दो सावळीरामभाऊ, थंड होतोय, खाऊन घ्या. नाही खाल्ला. मग त्यांनीच खाल्ला.

१५ नोव्हेंबर
सौ.ला प्रतिज्ञा सांगितली. ती म्हणाली, की २७ ला इगतपुरीचे लोक सिंधूला बघायला येताहेत, तोवर गप्प बसता आलं तर बघा. मुलगा रेल्वेत आहे. वडील झुंबरराव, तेही रेल्वेतूनच रिटायर. एरवी स्थळ म्हटलं की सिंधू तोंड फिरवते, पण या मुलाचा फोटो तिच्या उशीखाली सापडला म्हणे. सौ.ला सापडला. मला या घरात कुणी काही सांगत नाही.
हे जमायलाच हवं. पोरीसाठी जीव तुटतो. आधीची स्थळं माझ्या बोलण्यामुळे मोडली असं सौ. म्हणते. त्या लोकांना विचार झेपले नाहीत, एवढंच.
अस्सल आपल्या पदार्थांवर कँटीनमध्ये भाषण करणार. वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलंय.

१७ नोव्हेंबर
पुस्तक उत्तम. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. हरकत नाही, बटाट्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. टोमॅटोही तिकडचाच. आमटीला चिंच आहे की.

१८ नोव्हेंबर
चिंच आफ्रिकेची.
आणि मिरची पोर्तुगीजांनी आणली. पान परत परत वाचलं. म्हणजे ठेचा! माझ्या आजोळचा ठेचा! सौ.नं विचारलं, की मग आधी लोक काय खायचे. मिरी, असं बाणेदारपणे सांगितलं. मिरीचं पिठलं मागितलं. मग पुस्तकात हरभऱ्याचं पान लागलं. पिठलं परत पाठवलं. सौ. पातेल्याशी काहीतरी बोलत होती.

२० नोव्हेंबर, रविवार
शेंगदाणा गेला. ज्वारी-बाजरी गेल्या. गहू गेला. चहा चीनचा, तो पहिल्याच दिवशी सोडला. तेव्हापासून डोकं ठणकतंय. डोकं शांत करायला द्वारका चौकापर्यंत चालत गेलो. प्रत्येक गाडीवर परदेश तळून निघत होता. वास मात्र आपला वाटला. घरी येऊन वरणभात. परत वरणभात.

२३ नोव्हेंबर, संकष्टी
उपवासाचा दिवस, म्हणजे सगळ्यांत शुद्ध खाणं. आज पोटभर खिचडी खायची असं कालच ठरवलं होतं. सकाळी पुस्तक उघडलं. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो अमेरिकेचा. रताळंही. म्हणजे उपवासाचं ताट विलायती, आणि वरणभात तेवढा आपला, पण तो उपवासाला चालत नाही! भगर पुस्तकात सापडली नाही. शंका असलेलं खाऊ नये.
ऑफिसात डोळ्यांपुढे अंधारी आली. कादरभाईंनी केळं आणून दिलं. केळ्याचं पान अजून वाचलेलं नाही, म्हणून खाल्लं.

२५ नोव्हेंबर
कांदा.
कांदासुद्धा मध्य आशियातला. पुढच्याच पानावर द्राक्षं. नाशिकच्या माणसानं तोंड कुठे लपवायचं? पुस्तक ट्रंकेत टाकून वर गाद्या रचल्या. उपयोग नाही, वाचून झालंय.
सौ. म्हणाली, की रविवारी कांदेपोहे होणारच. मी म्हणालो, पोहे होतील. सिंधू हळूच येऊन म्हणाली, की बाबा, एवढा एक रविवार सोडा ना. मी म्हणालो, की शब्द दिलाय, चार लोकांत. ती मान खाली घालून आत गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२६ नोव्हेंबर
मोह नको म्हणून कांदे, मिरच्या, शेंगदाणे, चहा-साखरेचे डबे, सगळं कादरभाईंकडे ठेवायला दिलं. साखर आपलीच आहे हे नंतर लक्षात आलं. कादरभाईंच्या बायकोनं, अमिनाभाभींनी, सगळं ठेवून घेतलं. त्या सौ.कडे बघत होत्या.
उद्या झुंबरराव थक्क होणार. असा व्याही मिळायला नशीब लागतं.

२७ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
पाहुणे आले. पोहे दिले: तिळाचं तेल, हळद, मिरी. झुंबररावांनी चमच्यानं पोहे उलथेपालथे केले आणि विचारलं, की ह्यात कांदा नाय का. मी या प्रश्नाचीच वाट बघत होतो. कांद्याचा प्रवास सविस्तर सांगितला, थेट लासलगावपर्यंत आणून सोडला. ते स्तब्ध होऊन ऐकत होते. मुलगा सिंधूकडे बघत होता, सिंधू फरशीकडे. मग त्यांनी चहाचं विचारलं. मी चीनवर आलो. झुंबरराव उठले. म्हणाले, की आम्ही पोरगी बघाया आलो होतो, आता गाडीची येळ झाली. सौ.नं पदर डोळ्यांना लावला.
तेवढ्यात कादरभाई दारात. म्हणाले, की पाहुणे, बिगरचहाचे नका जाऊ, भाऊंच्याच घरचा चहा आमच्याकडे ठेवलाय. सगळे गेले. सौ. गेली. सिंधू ट्रे उचलून गेली. मी नाही गेलो. तिकडून कांदा परतल्याचा वास येत होता. प्रश्न तत्त्वाचा होता.
भिंतीपलीकडे हसणं चाललंय. झुंबरराव मोठ्यानं हसतात. सिंधूही हसली बहुतेक. ती हसते कशी, हे विसरायलाच झालं होतं. माझ्यासमोर सगळ्यांच्या बशा आहेत, भरलेल्या.

२८ नोव्हेंबर
जमलं. सुपारी कादरभाईंच्या घरात फुटली. झुंबररावांची अट एकच, लग्नाच्या जेवणात मुलीच्या वडिलांनी लक्ष घालायचं नाही. सौ.नं तिथल्या तिथे होकार दिला. मला विचारायला कुणी आलं नाही. मधली भिंत पातळ आहे. हाक मारली असती तर मी गेलो असतो.
सकाळी सिंधूनं शेजारून झाकलेली बशी आणून समोर ठेवली आणि बसून राहिली. कांदेपोहे. खाल्ले, सगळे. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबेना. सिंधूनं विचारलं, की बाबा, काय झालं. मिरची फार आहे, असं सांगितलं.
ती म्हणाली, की अमिनाभाभींनी तुमच्यासाठी बिनमिरचीचे वेगळे केलेत.