दोन ठिपक्यांचा रॉड

कोपरखैरणे गाव,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय जयदेव,

तुला आणि मीनावहिनींना नमस्कार. थंडीत माझा गुडघा कुरकुरतो, बाकी आम्ही बरे आहोत. दमयंतीनं तुझ्यासाठी सुके बोंबील बांधून ठेवलेत. तू येत नाहीस, म्हणून तसेच पडलेत.

परवा आपल्या शाळेवरून गेलो. तिथं आता सात मजले उभे आहेत, तरी मला आपला बाक दिसला. मी स्वतः रचलेल्या कविता खड्या आवाजात म्हणायचो, गुरुजी डोळे मिटून ऐकायचे. तू बाहेर त्यांच्या सायकलची चेन बसवत असायचास. आणि तास सुटला की सगळा वर्ग तुझ्याभोवती! तेव्हापासून जळतोय मी.

रबाळ्याच्या गॅरेजात आपण तीस वर्षं बरोबरीनं काम केलं. पण गिऱ्हाईक आत शिरताच विचारायचं, "जयदेव हाय का?" आणि आता घरच्या फियाटचं इंजिन बांधायला माझ्या पोटच्या कुंदननंही तुलाच बोलावलं. "बाबा, तुमचे डोळे आता... काकांना करू दे ना." दमयंतीनं चहासुद्धा आधी तुला दिला. "भावजी, तुमी हात लावला, आता टेन्शन नाय."

त्या दुपारी तू जेवायला गेलास, तेव्हा पिस्टनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रॉडच्या कॅपा तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. तू बजावलंस, "देवजी, मी येतो, तवर थांब. ज्या रॉडची कॅप त्यालाच लागते. दोघांवरचे ठिपके जुळतात का, बघायला लागतं."

मी थांबलो नाही. तू यायच्या आत संपवायचंच होतं. जुन्या ओळी गुणगुणत बसलो. कॅप बसेना, हातोडीनं ठोकली. बोल्ट आवळले, तर क्रँक हातानं फिरेना. पान्याला हातभर पाइप घालून जोर लावला. करकरला, पण फिरला. वृत्तात न मावणारा शब्दही मी असाच ठोकून बसवायचो. गुरुजी हसून सोडून द्यायचे.

तू आलास. "फिरतो ना हातान?"

"लोण्यासारखा," मी म्हणालो. माझ्या शब्दावर तू इंजिनाखालचं तेलाचं चेंबर लावून टाकलंस.

गेल्या रविवारी न्हावा शेव्याच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. मागचा कंटेनर हातभर अंतरावर थांबला. गाडीत कुंदन आणि सूनबाई सोनल. घरी येऊन तो फोनवर तुला म्हणाला, "काका, जीव गेला असता आमचा! परत आमच्या दारात येऊ नका." मी शेजारच्याच खुर्चीत होतो. खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणी तुझ्या कामाला नावं ठेवत होतं.

काल चेंबर उघडलं. दोन ठिपक्यांच्या रॉडला तीन ठिपक्यांची कॅप. बेअरिंग जळून काळं. तू तर फोनवर ऐकूनच ओळखलं असशील. तरी माझं नाव घेतलं नाहीस. त्याचाही मला हेवा वाटतो.

आज कुंदनला समोर बसवून सगळं सांगितलं. त्यानं कागद-पेन आणून माझ्यापुढं ठेवलं, म्हणाला, "लिहून द्या, बाबा. मी नेतो."

म्हणजे हे पत्र तुझ्या हातात देणारा तोच आहे. मान खाली घालून उभा असेल. त्याला आत घे.

मीही त्याच्याबरोबर आलोय, खाली तुझ्या गेटपाशी थांबलोय. मला बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

जन्मभर तुझ्यावर जळलेला, आणि तरीही तुझाच,
देवजी