उखाण्याशिवाय

पुणे, ता. ९ फेब्रुवारी १९७१

ताराच्या वडिलांना, कलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी हाय. बन्सीभाऊ दिवसभर खाटेपाशी बसून असतो. भाकरी गिळत न्हाई, पण दूध जातं.

गळ्यातली गाठ कॅन्सरची न्हाई, तुकडा काढून तपासला. थायरॉईडची सूज हाय म्हणे, पण लाकडासारखी कडक झालीय. असं दुखणं मोठ्या डॉक्टरांनी आजवर दुसऱ्यांदाच बघितलं. दोन महिने त्यांच्या गोळ्या खाल्ल्या, तर माझं तोंडच सुजलं आणि गाठ हाय तशीच. आता शुक्रवारी श्वासनळीवरचा भाग कापून वाट मोकळी करणार. आवाज राहील याची खात्री देत न्हाईत.

तुमी ज्वारीची काढणी टाकून येऊ नका. ताराच्या वेण्या कोण घालतं? सासूबाईंचा गुडघा कसा हाय?

आज ऑपरेशनचा कागद भरताना नर्सबाईंनी नवऱ्याचं नाव विचारलं. भाऊ चहाला गेल्ता. अकरा वर्षांत उखाण्याशिवाय तुमचं नाव मी कधी घेतलं न्हाई. आज घेतलं. आवाज घोगरा निघाला. बाई म्हणाल्या, "ऐकू आलं न्हाई, परत सांगा." मग जरा मोठ्यानं घेतलं.

त्या कागद घेऊन गेल्या, तवा मी आणखी एकदा घेतलं. कुणी विचारलं नव्हतं.

तुमची,
कला